रेल्वेची बोट : आई-बाबांना पत्र

इन्व्हरकार्गिल, न्यूझीलंड

तीर्थरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार, वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर मी "रेल्वेच्या बोटीतून फिरून आले" असे म्हटले, तेव्हा बाबा, तुम्ही इतके हसलात की पुढचे बोलणे राहूनच गेले. भुसावळच्या रेल्वे इंजिनांच्या शेडमध्ये हयात घालवलेल्या माणसाने "रेल्वेला तळ्यात बोट कशाला हवी?" असे विचारावे याची मला गंमत वाटली. धनुष्कोडीच्या 'बोट मेल'ची गोष्ट मी लहानपणी तुमच्याच तोंडून ऐकली आहे. मद्रासहून गाडीने धनुष्कोडीला जायचे, तिथे आगबोटीत बसायचे आणि पलीकडे तलाईमन्नारला उतरून सिलोनची गाडी पकडायची. इथलाही प्रकार त्याच जातीचा होता, फक्त मध्ये समुद्राऐवजी गोड्या पाण्याचे तळे. फोनवर अर्धवट राहिलेले सगळे म्हणून आता सविस्तर लिहिते.

वाकाटिपू हे तळे सुमारे ८० किलोमीटर लांब असून नागमोडी आहे. नकाशावर ते वीज चमकल्यासारखे दिसते. १८६२ मध्ये या भागातल्या नद्यांत सोने सापडले आणि माणसांचा लोंढा आला, पण तळ्याच्या दोन्ही काठांना डोंगर थेट पाण्यात उतरलेले असल्यामुळे रस्ता काढायला जागाच नव्हती. आमच्या इन्व्हरकार्गिलकडून निघालेला लोहमार्ग १८७८ मध्ये तळ्याच्या दक्षिण टोकाला, किंग्स्टन नावाच्या छोट्याशा वस्तीपर्यंत पोहोचला आणि तिथेच थांबला. (गेज ३ फूट ६ इंच, म्हणजे आपल्या मीटरगेजहून जरासे रुंद. हे तुम्ही विचारणारच होतात!) तिथून पुढे क्वीन्सटाउनला आणि तळ्याच्या उत्तर टोकाला ग्लेनॉर्कीला जायचे तर बोटीवाचून गत्यंतर नव्हते. आधी या बोटी एका खासगी कंपनीच्या होत्या. १९०२ मध्ये सरकारी रेल्वेने त्या कंपनीच्या आगबोटी विकत घेतल्या आणि तळ्यावरची वाहतूक रेल्वेच्याच हातात आली.

मी जिच्यात बसले ती 'अर्नस्लॉ' त्यानंतरची आहे. तळ्याच्या वरच्या टोकाला याच नावाचे एक हिमशिखर आहे, त्यावरून तिचे नाव पडले. ती बांधली कशी, हे वाचताना तुमची फार आठवण आली. बांधणीचे काम पूर्व किनाऱ्यावरच्या डनेडिन शहरातल्या जॉन मॅकग्रेगर यांच्या कारखान्याकडे होते, पण तयार बोट डोंगर ओलांडून तळ्यापर्यंत नेणार कोण? म्हणून १९११ मध्ये कारखान्यात सांगाडा उभा केला, पाव इंच जाडीच्या पोलादी पत्र्यांवर क्रमांक टाकले, सगळे पुन्हा सुटे केले आणि मालगाडीवर चढवून किंग्स्टनला आणले. तिथे तळ्याकाठी त्या क्रमांकांच्या आधाराने जुळवाजुळव झाली. २४ फेब्रुवारी १९१२ रोजी बोट पाण्यात उतरली आणि १८ ऑक्टोबर १९१२ रोजी किंग्स्टनहून क्वीन्सटाउनला तिची पहिली फेरी झाली. एकूण खर्च २०,८५० पौंड. रेल्वेची बोट आपल्या कामावर रुजू व्हायला रेल्वेनेच आली, हे मला फार आवडले.

बोट ५१ मीटर लांब आहे आणि तिच्यात १,०३५ उतारूंची सोय होती. उतारू ही मात्र तिच्या कामाची एकच बाजू होती. पुढच्या उघड्या डेकवर सुमारे १,५०० मेंढ्या दाटीवाटीने मावत. त्याखेरीज लोकरीचे गठ्ठे, गुरे, टपाल आणि किराणा असायचा. काठावरच्या एकाकी मेंढपाळांच्या घरांना बाहेरच्या जगातून जे काही मिळायचे ते याच बोटीने. इथे मेंढ्यांच्या मोठ्या मळ्याला 'स्टेशन' म्हणतात. "बोट वॉल्टर पीक स्टेशनला थांबते" असे ऐकल्यावर पहिल्या दिवशी मीही फलाट शोधत होते, तुम्हाला काय हसू!

आई, तू वेंगुर्ल्याच्या बोटीच्या ज्या आठवणी सांगतेस, पडावातून हेलकावे खात आगबोटीपर्यंत जायचे, वर चढताना बोचकी आधी आणि माणसे मागून, तसलीच धावपळ इथल्या धक्क्यांवर होत असणार. पण तुला बोट लागते म्हणून आधीच नाही म्हणू नकोस. वारा नसला तर हे पाणी बशीतल्या चहासारखे शांत असते. तळ्याची पातळी मात्र दर थोड्या वेळाने काही सेंटिमीटर वरखाली होत राहते. माओरी लोकांच्या कथेप्रमाणे तळाशी एका राक्षसाचे काळीज अजून धडधडते आहे, म्हणून असे होते.

या बोटीचे दिवस रस्त्यांनी संपवले. १९३६ मध्ये किंग्स्टन ते क्वीन्सटाउन रस्ता डोंगर कापून झाला, तेव्हा तिचे अर्धे काम गेले. १९६२ मध्ये ग्लेनॉर्कीपर्यंतचा रस्ता खुला झाल्यावर उरलेलेही गेले. १९६८ मध्ये तर ती भंगारात निघण्याच्या बेतात होती. पुढच्या वर्षी पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्या एका कंपनीने ती रेल्वेकडून भाड्याने घेतली आणि १९८२ मध्ये विकतच घेतली. आज ती क्वीन्सटाउनहून पर्यटकांना घेऊन पलीकडच्या वॉल्टर पीकला जाते-येते. माझ्या मते तिचे नशीब असे की तळ्यातून बाहेर काढून दुसरीकडे विकण्याजोगी ती नव्हती. समुद्रात असती तर केव्हाच कुठल्यातरी तोडणीच्या किनाऱ्यावर गेली असती.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते. वरच्या डेकवर लोक डोंगरांचे फोटो काढत होते आणि मागच्या बाजूला पियानोभोवती गाणी चालली होती. मी मात्र येतानाजाताना दोन्ही वेळा बोटीच्या मध्यावरच्या लोखंडी कठड्याशी उभी होते, कारण तिथून खाली इंजिनघर उघडे दिसते. तिहेरी प्रसरणाची, म्हणजे तीच वाफ एकापाठोपाठ तीन टप्प्यांत वापरणारी, दोन इंजिने आहेत, प्रत्येकी ५०० अश्वशक्तीची, आणि त्यांचे पितळी भाग इतके घासलेले की त्यांत चेहरा दिसावा. बॉयलर दोन, आणि तेही रेल्वेच्या इंजिनाच्या धर्तीचे! तासाला सुमारे एक टन कोळसा लागतो आणि तो आजही माणूस फावड्यानेच टाकतो. वरून कप्तानाची घंटा वाजली, हुकूम दाखवणाऱ्या तबकडीचा काटा फिरला, इंजिनवाल्याने चाक फिरवले आणि दट्टे (पिस्टन) मंदावले. गरम तेलाचा आणि कोळशाचा तो वास नाकात गेला, तेव्हा क्षणभर मला तुम्ही ड्यूटीवरून येऊन अंगणात डबा ठेवताना दिसलात. आई तो डबा आधी राखेने घासायची आणि मगच घरात घ्यायची.

भट्टीवर एक तरुण मुलगी होती, पंचविशीची असेल. ती पायाने टेकू देऊन दार उघडायची, दोनतीन फावडी टाकायची आणि लगेच दार लावायची. कोळसा मधोमध न टाकता फावडे मनगटातून असे वळवायची की तो मागच्या दोन कोपऱ्यांत पसरावा. मग मिनिटभर धुराड्याकडे पाहायची आणि धूर काळा दिसला की मान हलवायची. मी तिला वरून विचारले की कोपऱ्यांतच का, तर इंजिनाच्या आवाजात तिला माझे बोलणे ऐकू गेले नाही. तुम्ही फायरमन असताना असेच करत होता का? आणि धूर काळा आला तर चूक कोळशाची धरायची की टाकणाऱ्याची? उत्तर फोनवर देऊ नका, घाईत अर्धे राहील. सावकाश लिहून पाठवा. पुढच्या महिन्यात मी पुन्हा जाणार आहे, तेव्हा बोट धक्क्याला लागल्यावर मी तिला ते वाचून दाखवीन.

तुमची लाडकी,
मनू