बंड्या, दादा घरी आलाय

सोलापूर
रविवार, रात्र

प्रिय बंड्या,

तुझी दोन पत्रं आली, दिवाळीत फोन आला, मी एकालाही उत्तर दिलं नाही. रागावला असशील तर रागव, हक्कच आहे तुझा. माझी शुगर ठीक, गोळ्या चालू. हिचे गुडघे तसेच. झालं तब्येतीचं.

दादा घरी आलाय.

संक्रांतीच्या आदल्या रात्री साडेदहाला आला, हातात एक कापडी पिशवी. दार मीच उघडलं. तीन वर्षांनी भाऊ दिसतोय आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर ‘चप्पल आत घे, कुत्रं नेतंय’. चप्पल हातात घेऊन तो उंबऱ्यावरच थांबला. मला वाटलं भरून आलंय. तसं नव्हतं रे, आत येऊ का हे मी सांगायची वाट बघत होता. सकाळी हिने चहा पुढे ठेवला, त्यावर साय धरली तरी कपाला हात नाही. शेवटी म्हणाला, ‘घेऊ? आज्ञा आहे?’ हा आपला दादा, मिलच्या गेटवर साहेबाला एकेरीत बोलणारा! ही आत जाऊन रडली.

वहिनीच्या वेळी तुला येता आलं नाही, लॉकडाऊन होतं. स्मशानात आम्ही चौघं. तेराव्याला पंगत नाही, कुणी भेटायला नाही. त्या दिवसांत एका महाराजांच्या मंडळाची दोन पोरं दादाकडे डबा घेऊन येऊ लागली. सव्वा महिना रोज डबा, पैशाचं नाव नाही, उपदेशाचा शब्द नाही. मी याच गावात, सात रस्त्यावरून त्याच्या दारात जायला पंधरा मिनिटं, पण मी फोनवर विचारायचो, ‘जेवलास का?’ ती पोरं जेवण घेऊन यायची. हे मला रात्री झोपू देत नाही.

पुढचं सगळं हळूहळू झालं. बंद पडलेल्या मागांच्या एका शेडमध्ये गुरुवारी सत्संग. माग भंगारात गेलेले, जमिनीवर सतरंज्या. मग ‘सेवा’, म्हणजे पहाटे साडेतीनला उठून झाडलोट, बायकांनी पोळ्या लाटायच्या, मजुरी शून्य. मग वही. त्या वहीत प्रत्येकानं आपली पापं लिहून महाराजांच्या पायाशी ठेवायची. दादानं काय लिहिलं असेल? एकदा वहिनीवर हात उचलला होता, ते असेल. त्यानंतर होटगी रोडचा प्लॉट गेला, बँकेतली ठेव गेली, फोन ‘जमा’ झाला. स्वतःच्या धाकट्या मुलीच्या लग्नाला आला नाही. मी भेटायला गेलो तर गेटवरचा पोरगा म्हणाला, ‘दादा मौनात आहेत.’ वही त्यांच्याकडे म्हटल्यावर माणूस तोंड कशाला उघडेल?

शेवटी एका बाईनं उघडलं. महाराज रात्री ‘पादसेवे’ला कुणाकुणाला आत बोलवत, ते तिनं सांगितलं आणि तीन घरं एकत्र आलो. दाभोलकरांना 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात गोळ्या घातल्या, त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अंगात शक्ती आहे असं भासवून फसवलं, धाक घातला तर सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा. वारी, भजन, कीर्तन यांना त्या कायद्यात हात लावलेला नाही, हे मी तीनतीनदा वाचून खात्री केली. कारण दादा म्हणणार होता, तू देवावर फिर्याद केलीस. बाकीची कलमं पोलिसांनी लावली. महाराज पळाला, आठव्या दिवशी सापडला. विश्वस्त एकमेकांवर ढकलू लागले आणि गेटवरचा मोठा फोटो त्यांच्याच माणसांनी उतरवला. दहा वर्षांत उभं राहिलेलं दोन आठवड्यांत संपलं.

बंड्या, त्या फिर्यादीत माझी सही आहे. दादाला माहीत नाही. त्याला जबाबाला बोलावणार आहेत, कागद समोर येईल, नाव दिसेल. आधी सांगू की दिसू देऊ? ही म्हणते लगेच सांग. धाकटी म्हणते अजून नको, बाबांना आधी झोप लागू दे. मी रोज रात्री ठरवतो आणि सकाळी त्याचं ते ‘घेऊ?’ ऐकलं की जीभ उचलत नाही.

यात्रेच्या दिवशी नंदीध्वज निघाले तेव्हा त्याला गॅलरीत नेलं. सिद्धेश्वराची अडुसष्ट लिंगं लहानपणी त्यानंच आपल्याला पायी फिरवली होती ना, तू दमून रस्त्यात बसलास आणि दोष माझ्या चपलेला दिलास! (ती कंबर तलावात तूच फेकली होतीस, आता तरी कबूल कर.) ‘हर्रर्र बोला’ची आरोळी उठली तरी दादा खाली फरशीकडे बघत उभा. दुसरा देव बघायचा नाही, असा नियम होता म्हणे.

दुसऱ्या कुणाला लिहिलं असतं तर मला म्हणाले असते, सुशिक्षित माणूस फसलाच कसा. तू म्हणणार नाहीस. 1981 च्या पावसाळ्यात तू पुण्याहून उतरलास, अंगात भगवं, गळ्यात फोटोची माळ. रजनीश जूनमध्ये अमेरिकेला निघून गेले होते आणि मागे राहिलेल्या तुला कुठे जावं कळत नव्हतं. मी पार्क चौकात, चारचौघांत, ‘भगवान पळाले काय रे’ म्हणून हसलो. पुढे तिकडच्या, ओरेगॉनमधल्या त्यांच्या आश्रमाच्या बातम्या आल्या तेव्हा कात्रणं काढून तुला पाठवली. 93 रोल्स रॉइस. 1984 च्या निवडणुकीसाठी बसगाड्या भरून आणलेले हजारो बेघर लोक. द डॅल्स गावात हॉटेलांतल्या सॅलडवर जंतू टाकून 751 माणसं आजारी पाडलेली. आकड्यांखाली मी लाल रेघा ओढायचो, जणू ते तू केलंस. आणि सप्टेंबर 1985 मध्ये त्यांची सचिव शीला निघून गेल्यावर रजनीशांनी पत्रकारांसमोर सगळं तिच्या टोळीवर टाकलं, तेव्हा तुझं एका ओळीचं कार्ड आलं: ‘त्यांना खरंच माहीत नसेल.’ मी वर्षभर तुझ्याशी बोललो नाही.

परवा दादा हेच म्हणाला. ‘महाराजांना काय ठाऊक? खालच्यांनी केलं.’ मला राग आला नाही रे. तुझं ते कार्ड आठवलं आणि तुझी माफी मागावीशी वाटली, चाळीस वर्षांनी. मागतो.

ओरेगॉनच्या त्या बेघर लोकांचं आता वेगळंच डोक्यात येतं. त्यांनाही गरम जेवण नि गादी मिळाली होती. मतनोंदणी अडली आणि त्यातल्या कितीतरी जणांना आजूबाजूच्या गावांत सोडून दिलं. त्यांच्यातला एखादा नंतरही म्हणत असेल, पण जेवायला त्यांनीच घातलं.

तू त्या पावसात आलास तेव्हा मी हसलो आणि दादानं तुला घरी नेलं. वहिनीनं पिठलं-भाकरी वाढली. माळेबद्दल त्यानं एक शब्द काढला नाही, पंधरा दिवस काढला नाही. माळ तू कधी काढलीस, कुठे ठेवलीस, त्या सकाळी काय केलंस, हे मी तुला कधीच विचारलं नाही. आता विचारतोय.

नातवाच्या दहावीचं कळव. सूनबाईंचं ऑपरेशन नीट झालं ना? पुण्यातलं घर विकू नकोस, माझं ऐक. बाकी भेटीत.

येत्या शनिवारी हुतात्मानं ये. स्टेशनवर मी असेन. गाडी पोचेपर्यंत उशीर होईल, तरी हिला पिठलं करायला सांगून ठेवतो. दादा ताटावर बसेल आणि विचारेल, ‘घेऊ?’ तेव्हा मी काही बोलणार नाही, तू बोल.

तुझा,
अप्पा