बुडापेस्टचा तो ध्वज 2011 सालीच उतरला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला बुडापेस्टवरचा प्रवासलेख आवडला. डॅन्यूबवरचे पूल, गरम पाण्याची स्नानगृहे, सगळे झकास उतरले आहे. तक्रार आहे ती लेखाशेजारच्या चौकटीबद्दल. ‘शहराचा ध्वज’ म्हणून तिथे लाल, पिवळ्या आणि निळ्या पट्ट्यांचे चित्र छापले आहे, आणि नगरचिन्हाखाली ओळ आहे : ‘तीन शहरांचे तीन किल्ले’. हा ध्वज जून 2011 मध्ये बदलला. आणि किल्ले दोनच आहेत.

आधी किल्ल्यांचे पाहू. बुडा, ओबुडा आणि पेस्ट ही तीन वेगळी शहरे 1873 साली एक झाली, तेव्हा नव्या राजधानीसाठी हे चिन्ह ठरले. लाल ढाल, तिच्या मधोमध आडवा, नागमोडी रुपेरी पट्टा, ही डॅन्यूब. पट्ट्याच्या वर एक बुरूज आणि एक दरवाजा असलेला सोनेरी किल्ला आहे, तो पेस्टचा. खाली तीन बुरुजांचा आणि दोन दरवाजांचा दुसरा सोनेरी किल्ला, तो बुडाचा. चौकट लिहिणाऱ्याने बहुधा खालचे बुरूज मोजले. ओबुडाला वेगळा किल्ला मिळालेला नाही. खालच्या किल्ल्याचा दुसरा दरवाजा त्याचा, असे समजतात. शहराच्या जोडनावातही ओबुडाला वेगळी जागा नाही, त्या मानाने एक दरवाजा मिळाला हेच पुष्कळ म्हणायचे. गंमत अशी, की बुडा हा डोंगराळ काठ आणि पेस्ट सपाट. तिथे उभे राहिले की मान वर करून पाहावे लागते ते बुडाकडे. ढालीवर मात्र पेस्ट वर आणि बुडा खाली!

ढालीच्या दोन बाजूंना दोन राखणदार आहेत : एक सोनेरी सिंह, दुसरा ग्रिफिन, म्हणजे गरुडाचे डोके-पंख आणि सिंहाचे धड असलेला कल्पित प्राणी. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला असतो, त्याच जातकुळीतला. वर हंगेरीचा पवित्र राजमुकुट, ज्याच्या माथ्यावरचा क्रूस कललेला आहे. अनेकांना ती छपाईची चूक वाटते, पण मूळ मुकुटावरचा क्रूसच वाकलेला आहे आणि चित्रातही तो तसाच काढतात. साम्यवादी राजवटीत शहराच्या चिन्हावरून हा मुकुट गेला आणि लाल तारा आला. 1990 मध्ये तारा गेला, मुकुट परतला.

आता ध्वज. तुम्ही छापलेले तीन रंग कुठून आले, हे ढालीकडे पाहिले की कळते. ढाल लाल, किल्ले सोनेरी, आणि त्या किल्ल्यांच्या दारा-खिडक्यांतून दिसतो तो निळा. ध्वजाचे रंग चिन्हातून उचलायचे, ही युरोपातली जुनी रीत. त्यामुळे ध्वज लांबून पाहिला, त्यावरचे चिन्ह दिसले नाही, तरी तो कोणाचा हे कळते.

अडचण एवढीच, की निळा-पिवळा-लाल हे रोमानियाच्या राष्ट्रध्वजाचेही रंग. 1920 च्या ट्रियानाँ तहात हंगेरीने आपला जवळपास दोनतृतीयांश प्रदेश गमावला आणि त्यातले ट्रान्सिल्व्हेनिया रोमानियाकडे गेले. ही सल हंगेरीत आजही ताजी आहे. तरीही शहराने हे रंग सोडले नव्हते. ते उतरले इश्तवान तार्लोश महापौर असताना. 2011 साली महानगर परिषदेने नवा ध्वज मंजूर केला : पांढरे कापड, मधोमध नगरचिन्ह, कडेला लाल आणि हिरव्या त्रिकोणांची ओळ. रोमानियाच्या ध्वजाशी असलेले साम्य हे त्यामागचे कारण. या त्रिकोणांच्या नक्षीला तिथे ‘लांडग्याचे दात’ म्हणतात. हंगेरीच्या जुन्या लष्करी निशाणांवर ती असायची. दिसायला ती ठसठशीत आहे, यात वाद नाही.

पण माझ्या मते शहराने यात गमावलेच. लाल, पांढरा, हिरवा हे हंगेरीच्या राष्ट्रध्वजाचे रंग. ते देशात सगळीकडे फडकतातच. शहराचे म्हणून जे वेगळे तीन रंग होते, ते शेजाऱ्याशी जुळतात म्हणून टाकून दिले आणि त्यांच्या जागी देशाचेच रंग पुन्हा आणले. नव्या ध्वजावरून नगरचिन्ह झाकून पाहा. उरेल तो हंगेरीतल्या कोणत्याही पलटणीचा ध्वज म्हणून चालेल. बुडापेस्टचा म्हणून ओळखता येईल असे त्यात काय आहे?

याच्या उलट उदाहरण कॉशॉ शहराचे. 1369 मध्ये हंगेरीचा राजा थोरला लायोश याने या शहराला स्वतःचे चिन्ह वापरण्याची लेखी सनद दिली. राजाकडून अशी सनद मिळवणारे युरोपातले ते पहिले शहर मानले जाते. चिन्हात हंगेरीच्या जुन्या आर्पाद राजघराण्याचे लाल-पांढरे आडवे पट्टे आहेत आणि वर निळ्यावर लायोशच्या आंजू घराण्याची तीन सोनेरी लिलीची फुले. हे शहर आज स्लोव्हाकियात आहे, नाव कोशीत्से. हंगेरी आणि स्लोव्हाकिया यांचे संबंधही काही फार गोडीगुलाबीचे राहिलेले नाहीत. पण कोशीत्सेने ते पट्टेही ठेवले आणि फुलेही. सनदेची तारीख 7 मे, आणि तोच दिवस हे शहर आपला नगरदिन म्हणून साजरा करते. शेजारी देशाच्या राजाने दिलेले चिन्ह मिरवताना त्यांना संकोच वाटत नाही. मग बुडापेस्टला आपल्याच ढालीतून काढलेल्या रंगांची अडचण का व्हावी?

याला उत्तर असे देता येईल, की हंगेरीत ध्वज म्हणजे नुसते कापड कधीच नव्हते. 1956 च्या उठावात लोकांनी राष्ट्रध्वजाच्या मधले साम्यवादी चिन्ह कापून काढले, आणि तो भोक पडलेला ध्वजच उठावाची खूण ठरला. 2013 मध्ये बुडापेस्टच्या संसद भवनावर ट्रान्सिल्व्हेनियातल्या हंगेरियन भाषक सेकेय लोकांचा निळा-सोनेरी ध्वज लागला, तेव्हा रोमानियाशी चांगलेच वाजले. अशा ठिकाणी रंगांकडे कोणी नुसती सजावट म्हणून पाहत नाही, हे मान्य. पण म्हणूनच शहराने आपले रंग घट्ट धरायला हवे होते, असे मला वाटते.

असो. त्या चौकटीत दुरुस्ती छापावी, ही विनंती : किल्ले दोन, आणि ध्वज पांढरा, लाल-हिरव्या दातांचा. मला तो आवडत नसला, तरी आज अधिकृत तोच आहे.

आपला,
एक वाचक, ठाणे