टायर बदलण्याआधी किंगपिन पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उसाचा हंगाम तोंडावर आला की शिरोली आणि गोकुळ शिरगाव परिसरातील गॅरेजांत मालवाहू गाड्यांची गर्दी होते. ‘पुढचा टायर खातोय’ (लवकर झिजतोय) अशी तक्रार केली, की बहुतेक ठिकाणी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून नवा टायर टाकायला सांगतात. हा सल्ला फार घाईने दिला जातो, हे मला पदरचे पैसे मोजून कळले आहे.

मार्केट यार्डातून गुजरातला गूळ नेणाऱ्या माझ्या ट्रकचा पुढचा डावा टायर गेल्या वर्षी आतल्या कडेने झिजू लागला. ही कड गाडीशेजारी उभे राहून दिसत नाही, त्यामुळे आतली तार उघडी पडेपर्यंत ते चालकाच्या लक्षात आले नाही आणि माझ्याही नाही. दोनदा अलाइनमेंट केली, टायर बदलला, तरी नवा टायरही त्याच कडेने गेला. शेवटी एका वयस्कर मिस्त्रींनी ॲक्सलखाली जॅक लावून चाक जमिनीपासून उचलले, वरून व खालून धरून ते हलवले आणि चाकातील खेळ (ढिलेपणा) मला हाताने जाणवून दिला. मग क्लीनरला ब्रेक दाबून धरायला सांगून त्यांनी चाक पुन्हा हलवले. ब्रेक दाबल्यावर खेळ थांबला तर दोष बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा, म्हणजे ज्या खिळीवर पुढचे चाक डावी-उजवीकडे वळते तिचा, असे त्यांनी सांगितले. माझ्या गाडीचा खेळ तसाच राहिला. किंगपिनचे बुश (तिच्याभोवतीच्या नळ्या) झिजले की वजनाखाली चाकाचा माथा आत कलतो आणि आतली कड घासते; असे असताना अलाइनमेंट कितीही अचूक केली तरी ती टिकत नाही.

टायरवरून तळवा फिरवला तरी बरेच कळते. बाहेरून आत हात गुळगुळीत सरकतो, पण उलट फिरवताना धार लागते, तेव्हा चाके पुढच्या बाजूला गरजेपेक्षा जास्त आत वळलेली असतात. धार उलट दिशेने लागली तर ती बाहेर फाकलेली असतात. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी आणि मधला पट्टा झिजला तर जास्त, पण हवा थंड टायरवरच मोजावी. जागोजागी खड्डे पडले असतील, तर शॉकअप आणि चाकाचे बॅलन्सिंग पाहावे. गगनबावड्याच्या घाटात रोज वळणे घेणाऱ्या गाडीची बाहेरची कड थोडी जास्त झिजणारच, त्यासाठी मिस्त्रींना दोष देण्यात अर्थ नाही.

गॅरेजचालकांना माझी विनंती आहे, की अलाइनमेंटला घेण्याआधी चाक उचलून किंगपिन, बेअरिंग आणि टाय रॉड एंड (पुढची चाके जोडणाऱ्या दांड्याची टोके) यांचा खेळ तपासावा व अलाइनमेंटच्या आधीचे आणि नंतरचे माप कागदावर लिहून द्यावे. तसेच आठ वर्षांवरील मालवाहू गाड्यांचे दरवर्षी पासिंग (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का याची सरकारी तपासणी) होते, त्या वेळी टायरच्या खाचेची खोली मधोमध मोजून १.६ मिलिमीटरची अट पूर्ण झाली असे समजू नये, आतल्या कडेलाही माप लावावे.

आपला,
एक ट्रकमालक, कोल्हापूर