पत्ते नाही बाबा, फासे आहेत

ती. आई आणि बाबा, साष्टांग नमस्कार.

फोनवर हे धड सांगता येत नाही, बाबा मधेच "पण पगार किती" विचारतात आणि मग मी चिडतो, म्हणून लिहितोय. आई, तू बाबांना वाचून दाखव, चष्मा सापडला नाही असं सांगतीलच ते.

जानेवारीत तुम्ही पुण्याला आलात तेव्हा सकाळी साडेसहाला आई चहा घेऊन आली आणि मी कानाला हेडफोन लावून म्हातारीच्या आवाजात "माझी अंगठी दे" म्हणून इंग्लिशमध्ये किंचाळत होतो. तू काही बोलली नाहीस, पण नंतर मीठ-मोहरी ओवाळून टाकलीस ते बघितलं मी. तर ते बाहेरचं वगैरे काही नव्हतं, तेच माझं काम आहे. मी इंटरनेटवरून तिकडच्या लोकांचा खेळ चालवतो, आणि त्या वेळी तिकडे न्यूयॉर्कला रात्रीचे आठ वाजलेले असतात. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ तासभर पुढे करतात म्हणून आता मला साडेपाचलाच बसावं लागतं.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. तो असा आहे की चारपाच जण असतात, प्रत्येकाचं एक सोंग, कोणी योद्धा कोणी चोर कोणी मंत्रवाला, आणि मी समोर काय दिसतंय ते सांगतो. ते म्हणतात आम्ही भिंत चढतो. मी म्हणतो टाक फासा, वीस बाजूंचा असतो तो, पंधराच्या वर पडला तर चढलास, नाहीतर आपटलास. मग आपटल्यावर पुढे काय ते परत मला तिथल्या तिथे जुळवावं लागतं, सगळी मजा आणि सगळा वैताग तिथेच आहे. 1974 साली अमेरिकेत गायगॅक्स आणि आर्नेसन नावाच्या दोघांनी हा काढला, त्याआधी शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळायचे त्यातून निघाला. यात कोणी जिंकत नाही. आणि बाबा, आखाजीला पारावर पत्ते बसतात तसलं हे नाही, फाशावर एक पैसाही लागत नाही. लोक मला खेळात बसायच्या जागेचे पैसे देतात, वहीगायनवाल्यांना बिदागी देतो ना आपण, तसं समजा.

आता पगार. माणशी 15 डॉलर, तीन तासांचे. त्यातून वेबसाइट आपला कट घेते, नकाशांचं सबस्क्रिप्शन वेगळं, आणि तीन तासांच्या खेळाला तेवढीच तयारी, ती कोणी मोजत नाही. आठवड्याला चार खेळ भरले की भाडं, मेस निघून थोडे उरतात. डिसेंबरात नाताळला सगळे गायब, तेव्हा खडखडाट. एकाने तर तीन आठवडे "पुढच्या वेळी देतो" म्हणत शेवटी ग्रुपच सोडला, तेव्हापासून पैसे आधी. कपाशीसारखंच आहे बाबा, फक्त बोंडअळी नाही.

तुम्हाला वाटतं लोक आवाज काढायचे पैसे देतात. तसं नाही. एक नर्स आहे, ड्युटी करून येते, पहिले तीन आठवडे तोंडच उघडलं नाही तिने, बाकीच्यांतले दोघं नुसते तिच्यावरून बोलत सुटायचे. चौथ्या वेळी मी त्यांना थांबवलं आणि तिला म्हटलं, दार उघडलंय, आत कोण आहे ते तूच सांग. दहा मिनिटं बोलली. भाऊबंदकीच्या बैठकीत सगळे भांडत असताना तुम्ही कोपऱ्यातल्या नानाकाकांना विचारायचात ना, "नाना, तुमचं काय म्हणणं", ते मी ओट्यावर बसून बघायचो.

आणि आई, माझे गॉब्लिन, म्हणजे आपल्या हडळीची पोरं समज, अहिराणी बोलतात. त्या लोकांना वाटतं मी भाषा बनवलीये. परवा एक टेक्सासचा माणूस मलाच म्हणाला, "कथा चालना रे भो?" कुठे चाललास म्हणून मलाच विचारतोय! हसून हसून माईक पडला.

बाबा, विप्रो 1945 ला आपल्या अंमळनेरला वनस्पती तुपावर सुरू झाली हे तुम्हीच येईल त्याला सांगता. तेव्हाही कोणीतरी म्हटलं असेल, हा काय धंदा आहे. मी विप्रो नाही होणार, ते कळतं मला. पण पाहुण्यांना "कॉम्प्युटरचं काहीतरी करतो" सांगू नका, खेळ चालवतो म्हणा.

आखाजीला येतोय. आई, कळण्याचं पीठ करून ठेव, पुऱ्या खायच्यात. शुक्रवारचा खेळ रद्द करता येत नाही, पहाटे साडेपाचला ओसरीवर मोबाईल लावून बसेन, रेंज तिथेच येते. तेवढं कुत्र्याला मागे बांधा, आणि शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवा.

तुमचा,
बंटी