दाभोळ विसरलात का?

संपादक महोदय,

थिंक टँकवाल्यांना, म्हणजे धोरणांचा अभ्यास करणाऱ्या सरकारबाहेरच्या संस्थांना, धोरणात लुडबुड करू देऊ नये, असा सूर असलेला ऊर्जा सुरक्षेवरचा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला आणि अजिबात पटला नाही.

आपल्याच राज्यातला, गुहागरजवळचा दाभोळ वीज प्रकल्प आठवा. १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या इथल्या कंपनीशी वीज खरेदीचा करार केला, दर डॉलरशी बांधलेला, वीज घ्या किंवा घेऊ नका, स्थिर आकार भरायचाच, आणि दुसऱ्या टप्प्याचा गॅस ओमान-अबुधाबीहून, म्हणजे आखातात काही पेटलं की झळ गुहागरला आणि शेवटी आपल्या बिलाला. या करारात पैशांचा केवढा धोका आहे ते पुण्याच्या 'प्रयास' या अशाच एका अभ्यास संस्थेतल्या मोजक्या लोकांनी आकडेमोड करून तेव्हाच मांडलं होतं. ऐकलं कोणी? मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणंच बंद केलं, डिसेंबरात एन्रॉन बुडाली आणि प्लांट कित्येक वर्षं नुसता उभा राहिला.

पैसा कुठून येतो हे या संस्थांना जरूर विचारा, देणगीदारांची नावं अहवालाच्या पहिल्या पानावर छापायला लावा. पण सरकारी हिशोब बाहेरच्या माणसाने तपासायचाच नाही, हे कसं चालेल? वीजदरावर नियामक आयोगापुढे जनसुनावणी होते, कागद बघायला मिळतात, कोणीही हरकत घेऊ शकतं. तीच सोय आयात गॅसच्या मोठ्या करारांनाही लावा, आणि तीही सही व्हायच्या आधी.

– एक वीजग्राहक, चिपळूण