बिबवर दोन नावं लिहून घेणाऱ्या सरांना

सर, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणता आणि कोन गोळा करायला निघून जाता, दोनदा झालंय असं, म्हणून शेवटी इथे लिहितोय. फुटबॉलच्या सकाळच्या बॅचचे पालक वाचतील तर त्यांना कळेलच कुणाबद्दल आहे.

माझा मुलगा अकरा वर्षांचा. आई जपानची, ओकायामाजवळच्या कुराशिकीची, आणि बाप मी, पुण्यात जन्मलो, पुण्यातच जपानी शिकलो आणि नोकरीला तिकडे गेलो. तीन वर्षांपूर्वी आम्ही कायमचे परत आलो. पोराला मराठी येतं, आजीशी तो मराठीतच भांडतो. पण चेहरा आईचा आहे ना, तेवढं पुरतं लोकांना.

तुमच्याकडे यायच्या आधी तो ज्या अकॅडमीत जायचा तिचं नावही घेत नाही. वर्षभराची फी एकदम घेतली होती, टर्फ होतं, युनिफॉर्म होता, सगळं होतं. पहिल्याच आठवड्यात पोरं त्याला मोमो म्हणायला लागली, मग चायना, मग डोळे बोटांनी ओढून दाखवणं. मी कोचला भेटलो तर म्हणे मस्करी करतात हो मुलं, खेळाडूने एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. आणि पुढच्या आठवड्यापासून तो स्वतःच त्याला "ए जपान, तू डिफेन्सला जा" म्हणायला लागला. सहा महिने. सहा महिन्यांत एका मोठ्या माणसाला एका मुलाचं तीन अक्षरी नाव घेता आलं नाही. याचा राग माझा अजून गेलेला नाही आणि जाऊ नये असंच वाटतं.

एक दिवस घरी येऊन बूट काढता काढता तो मला म्हणाला, बाबा, उद्यापासून आईला न्यायला पाठवू नको, तूच ये. ती स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू गेलं. ती काहीच बोलली नाही, फक्त दुसऱ्या दिवसापासून गेटवर न थांबता कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या दुकानापाशी थांबायला लागली, म्हणजे कुणाला दिसायला नको. हे मला महिनाभराने कळलं, पंक्चरवाल्याकडूनच. त्या रात्री मी अकॅडमी बंद केली, फी गेली तर गेली.

तुमच्याकडे आलो तो नोव्हेंबर होता. म्युनिसिपालिटीचं ग्राउंड, निम्मं गवत निम्मी माती, बिब, म्हणजे प्रॅक्टिसला शर्टावर घालायची बंडी, धुऊन धुऊन फिक्की झालेली. बायको सवयीने बाहेरच, गाडीपाशी उभी. तुम्ही वॉर्म-अप लावून दिलात आणि सरळ गेटबाहेर आलात, "ताई, आत या ना, झाडाखाली बसा." आणि मग खिशातून मार्कर काढून तिला विचारलंत, याचं नाव तुमच्याकडे कसं लिहितात, तसंच लिहून द्या.

सर, पुढची तीन मिनिटं मी आयुष्यभर विसरणार नाही. बिबचं कापड जाळीचं, त्यावर मार्कर चालेना, रेघ तुटायची. तुम्ही तिथेच मातीत उकिडवे बसलात, बिब स्वतःच्या गुडघ्यावर पसरली आणि दोन्ही हातांनी दोन्हीकडून ताणून धरलीत, ढोलाचं पान ताणतात ना तशी. ती लिहीत होती. दोन कांजी, म्हणजे जपानी लिपीतली अक्षरं, त्यातली दुसरी बरीच रेघांची. एक रेघ नीट उठली नाही तर तुम्ही म्हणालात, सावकाश, घाई नाही. मागे वीस-बावीस पोरं बॉल घेऊन ताटकळलेली, तुम्ही एकदाही मागे वळून पाहिलं नाही. शाई जाळीतून खाली उतरली, तुमच्या ट्रॅक पँटला गुडघ्यावर काळे ठिपके पडले, ते अजून आहेत, परवाच पाहिले मी. मग खाली तुम्ही देवनागरीत त्याच्या आजीने ठेवलेलं नाव लिहिलंत आणि त्याला, म्हणजे अकरा वर्षांच्या पोराला विचारलंत, "बरोबर लिहिलंय ना?"

आणि मग सगळ्या बॅचला बोलावलंत. त्या आठवड्यात पेपरात फुटबॉलपटू रायन विल्यम्सची बातमी होती, मुंबईच्या आईचा मुलगा, ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारतासाठी खेळणार म्हणून. तुम्ही म्हणालात, हा पहिला नाही रे. आपल्या बालेवाडीला एक जण खेळायचा, त्यालाही दोन नावं होती. अराता आणि नीलकंठ. दोन्ही त्याचीच.

मला लाज वाटते सांगायला, मी पुण्याचा असून मला अराता इझुमी नीट माहीत नव्हता, पुणे एफसी खेळायची त्या वर्षांत मी जपानमध्ये होतो. त्या रात्री आम्ही तिघं पलंगावर बसून त्याच्याबद्दल शोधत बसलो. १९८२ चा जन्म, शिमोनोसेकी, यामागुची प्रांत. आई जपानी, वडील गुजराती. माझ्यासारखाच, फक्त मी मराठी, असं पोरगं म्हणालं. मग सिंगापूरला, अल्बिरेक्स निगाता या जपानी क्लबची एक टीम तिथल्या लीगमध्ये खेळायची, तिच्यात. मग परत जपानला, मित्सुबिशी मिझुशिमाकडे, आणि इथे माझी बायको एकदम ताठ बसली. मिझुशिमा म्हणजे कुराशिकीचाच भाग, तिच्या माहेरच्या गच्चीवरून कारखान्यांच्या चिमण्या दिसतात. मित्सुबिशीच्या मोटारींचा कारखाना आणि त्या कारखान्याची टीम, म्हणजे बहुतेक जण दिवसा कामावर आणि नंतर प्रॅक्टिसला. स्टेडियम भरून टाकणारा फुटबॉल नाही तो. तिथून निघालेला माणूस पुण्यात येऊन आमच्या इथल्या घरापासून सात-आठ किलोमीटरवर पाच वर्षं खेळला आणि आम्हाला पत्ता नाही.

जपानी खेळाडू परदेशात जातो म्हटलं की युरोपच डोळ्यांसमोर येतो. कागावा डॉर्टमुंडला, मितोमा ब्रायटनला, आमच्या घरात भिंतीवर मितोमाच आहे. अराता आला २००६ मध्ये कोलकात्याला, ईस्ट बंगालकडे. मग महिंद्रा युनायटेड, मुंबई. २००९ मध्ये पुणे एफसी, क्लब नुकताच आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, आलेला, आणि पहिल्याच सीझनला तिसरा नंबर. महिंद्राचे कोच डेरिक परेरा नंतर पुण्यालाही आले, आणि २०१२-१३ ला पुणे एफसी लीगमध्ये दुसरी आली, वर फक्त गोव्याची चर्चिल ब्रदर्स. तुम्ही त्या मॅचेस बालेवाडीत बसून पाहिल्यात, तुम्ही सांगताना तुमचे हात त्याच्या पाससारखे हलत होते, पोरं बघत राहिली होती.

पण मुख्य गोष्ट पासपोर्टची. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. जपानमध्ये स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की तिकडचं जातं. आणि २००८ पासून क्रीडा मंत्रालयाचा नियम, भारतीय नागरिक असाल तरच भारताकडून खेळायचं, वडील भारतीय आहेत एवढं पुरत नाही. म्हणजे मधला रस्ताच नाही. त्याने जपानचा पासपोर्ट सोडला. जगात सगळ्यात जास्त देशांत व्हिसाशिवाय नेणाऱ्या पासपोर्टांपैकी तो एक, माझी बायको तिचा पासपोर्ट कपाटात आजीच्या किमोनोच्या घडीखाली ठेवते, त्यावरून मला कळतं ते किती जवळचं असतं. आणि सोडला कशासाठी, तर जपान १९९८ पासून प्रत्येक वर्ल्ड कपला जातोय आणि आपण एकदाही खेळलेलो नाही, अशा टीमसाठी. २०१३ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, विम कोव्हरमान्स कोच असताना त्याने भारताची निळी जर्सी घातली. मॅचेस मोजक्याच मिळाल्या. त्या वयात अजून किती मिळणार हे त्यालाही माहीत असणार ना. तरी.

पोरगं बराच वेळ गप्प होतं. त्याच्याकडे जपानचा पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते, आहे. दुसऱ्या दिवशी त्याने ग्राउंडवर तुम्हालाच विचारलं, सर, मला पण पासपोर्ट द्यावा लागेल का? मी धसकलो होतो, म्हटलं आता काय उत्तर देणार हे. तुम्ही म्हणालात, "ते तुझं तू मोठा झाल्यावर ठरव. आधी डावा पाय नीट कर." आणि त्याला भिंतीपाशी नेऊन डाव्या पायाने पन्नास पास मारायला लावलेत. सर, त्या पोराला पहिल्यांदा कुणीतरी असं वागवलं की तो इकडचा का तिकडचा हे आज ठरवायची गरज नाही, आज फक्त डावा पाय. तुम्हाला कल्पना नाही तो त्या दिवशी घरी किती जेवला.

मी हल्ली विचार करतो की चांगली माणसं वेगळं काय करतात. फार काही करत नाहीत. नाव विचारतात, नीट ऐकतात, चुकलं तर परत विचारतात. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला आत बोलावतात. याला पैसा लागत नाही, टर्फ लागत नाही, ज्यांच्याकडे टर्फ होतं त्यांना हे जमलं नाही आणि तुमच्याकडे फाटक्या जाळीचा एक गोलपोस्ट आहे आणि तुम्हाला जमलं. आमच्या आईच्या भाषेत, माणुसकी आतून असावी लागते.

अराता पुढे आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, कोलकात्याच्या टीमकडून खेळला, परत पुण्यात एफसी पुणे सिटीकडून, मग केरळा ब्लास्टर्स. खेळ थांबल्यावर नवी मुंबईला रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्सच्या मुलांचा कोच झाला. पुणे एफसी बंद, महिंद्रा त्याच्याही आधी बंद, पुणे सिटीही गेली. आपल्या एवढ्या मोठ्या शहरात आयएसएलची एक टीम उरली नाही याचं वाईट वाटतं, तुम्हाला तर जास्तच वाटत असणार. पण त्या टीम गेल्या तरी ती गोष्ट तुमच्याजवळ राहिली आणि माझ्या पोराला नेमकी हवी तेव्हा मिळाली. अराताला हे कधी कळणार नाही, त्यालाही इथूनच धन्यवाद.

बायको आता झाडाखाली बसत नाही, टचलाइनला उभी राहते आणि "गानबारे" ओरडते, आणि तुमच्या बॅचची निम्मी पोरं आता एकमेकांना गानबारे ओरडतात, अर्थ विचारला तर सांगतात, जोर लाव. पूर्वी मन उदास झालं की ती सिंहगड रोडच्या पुणे-ओकायामा मैत्री उद्यानात एकटी जाऊन बसायची, तिथलं तळं पाहिलं की तिला ओकायामाच्या कोराकुएन बागेची आठवण येते. परवा रविवारी तिथे गेलो तर बरोबर बॅचमधली तीन पोरं होती, माझ्या पोराने बोलावलेली, आणि ती सगळ्यांना ओनिगिरी, म्हणजे आत काहीतरी भरलेले भाताचे गोळे, वाटत होती. एकाने आत लोणचं आहे का विचारलं, आंब्याचं घालून बघा म्हणाला. पुढच्या वेळी घालणार आहे.

बिबवरची नावं धुऊन पुसट झालीत. शनिवारी ती स्वतः मार्कर घेऊन येतेय, कापडावरचा, न जाणारा. बिब धरायला तुम्हीच लागाल, मी धरली तर ती म्हणते सैल पडते.