किलोला ४५ ग्रॅम मीठ

सोलापूर,
२ फेब्रुवारी

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझ्या रूममधल्या पोरीचा फोन आला होता. सोमवारी होस्टेलच्या जिन्यात तुला चक्कर आली, दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४ निघालं, एवढं तिनं सांगितलं. घरी कळवू नको असं तू तिला बजावलं होतंस, हेही सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस. पोरगी घाबरली होती, म्हणून तिनं फोन केला.

मी रागावण्यासाठी हे लिहीत नाही. फोनवर मला जमत नाही, म्हणून लिहितोय. काल तुला फोन लावला तेव्हाही 'जेवलीस का' याच्यापुढं माझी गाडी गेली नाही. तू 'हो' म्हणालीस अन् मी ठेवून दिला. मग आई अन् मी दोघंही बारापर्यंत जागे होतो.

आधी संक्रांतीचं बोलतो. आईनं पहाटे चारला उठून शेंगापोळ्या केल्या होत्या. ताटात पोळी पडल्यावर तू ती उचललीस अन् तुझ्या त्या छोट्या काट्यावर ठेवलीस. किती ग्रॅम भरली ते तू मोबाइलमध्ये लिहिलंस, त्यातला चतकोर ठेवून बाकीची आईच्या ताटात सरकवलीस. मी काही बोललो नाही, पण आत कुठं तरी दुखलं. अन् दुपारी गड्ड्याच्या जत्रेला आलेलं अक्कलकोटचं आपल्या शेंगा चटणीचं जुनं गिऱ्हाईक दारात उभं असताना तू म्हणालीस, "अप्पा, हे तेल अन् मीठ आहे सगळं. विष विकताय तुम्ही." त्यावर मी बोललो, की याच विषावर तुझी फी भरली. तुझा चेहरा उतरलेला मला दिसला होता, राणी. तरी मी पुडीला दोरा गुंडाळत राहिलो. बाप म्हणून हे बोलायला नको होतं. फीचा हिशोब मी आजवर कधी काढला नव्हता, त्या दिवशी चारचौघांत काढला. मला माफ कर.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुला पुण्याच्या हुतात्मा एक्स्प्रेसला बसवून घरी आलो, तर तुझ्यासाठी भरलेला डबा फडताळावर तसाच. आईनं तो दोन दिवस उघडला नाही.

आता तुला एक सांगायचंय. तू लपवलंस म्हणून तुला बोलायचा हक्क मला नाही, कारण मीही लपवलंय. तू गेल्यावर आठ दिवसांनी डोकं जड व्हायला लागलं, म्हणून दाखवून आलो. बीपी १६४ वर ९८. गोळी चालू केली आहे. घाबरू नकोस, परवा परत मोजलं तर कमी आलं होतं. पण त्या दिवशी दवाखान्यातून चालत येताना तुझा तो शब्द डोक्यात घुमत होता.

घरी आल्यावर वही काढली. आपण किलो शेंगदाण्याला ४५ ग्रॅम मीठ घालतो. लसूण, तिखट, जिरं धरून चटणी भरते साधारण ११५० ग्रॅम. म्हणजे एका चमच्यात, १५ ग्रॅम धरली तर, मीठ आलं अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, हे तूच तुझ्या आहारशास्त्राच्या अभ्यासातलं सांगितलं होतंस. मला बरं वाटलं. म्हटलं, एका चमच्यानं कुणाचं काय बिघडतंय? मग दुसऱ्या दिवशी मी दिवसभर तोंडात किती टाकतो ते मोजलं. घाणा उतरला की चिमूट, लसूण कमी पडला का बघायला चिमूट, मावशींनी कुटलेली चाखायची म्हणून चिमूट, दुपारी भाकरीवर दोन चमचे, रात्री परत दोन. सत्तर ग्रॅम झाली. पावणेतीन ग्रॅम मीठ नुसत्या चटणीतून गेलं. त्यावर लोणचं, पापड, आमटी वेगळी. एवढी वर्षं चटणी कुटतोय अन् हा हिशोब मी कधी केला नव्हता.

म्हणजे पदार्थ वाईट नाही, आपण जास्त खातो म्हणून बाधतं, हे माझं म्हणणं खरं ठरलं असं मी आईला सांगायला गेलो. ती म्हणाली, "मग जास्त का खाता?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तेव्हा तू दिवाळीत सांगितलेला तो अमेरिकेतला प्रयोग आठवला, २०१९ चा. वीस माणसं, दोन आठवडे कारखान्यातलं तयार खाणं अन् दोन आठवडे साधं रांधलेलं. पुढ्यात ठेवलेल्या अन्नात साखर, मीठ, चरबी सारखीच, हवं तेवढं खा म्हणून मुभा. तरी तयार खाणं पुढं होतं तेव्हा माणसं दिवसाला ५०० कॅलरी जास्त खात होती, अन् वजन किलोभर वाढलं. त्यावेळी मी ते कानाआड केलं होतं. आता पटतंय. शेजारच्या किराणा दुकानातून पोरं ती फुगलेली पाकिटं नेतात, रस्ता ओलांडेपर्यंत पाकीट रिकामं होतं. दात लागत नाहीत, पोट भरल्याचं कळत नाही. आपली कडक भाकरी तशी खाऊन बघ. कडाकडा मोडायची, चावून चावून जबडा दुखतो, दुसरीला माणूस थांबतोच. मी थांबलो नाही तो भाकरीबरोबर नव्हे, नुसती चटणी चाखताना. तेव्हा तुझं बरोबर आहे, सगळा दोष खाणाऱ्याच्या जिभेचा नसतो.

अन् काही गोष्टी थोड्याही नकोतच, हेही मी मान्य करतो. हे मला तुझ्या पुस्तकाच्या आधी धंद्यानंच शिकवलं होतं. तू सहा-सात वर्षांची असशील. शाळेतून आलीस की दप्तर टाकून आज्जीच्या शेजारी सुपाला बसायचीस. सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा दाणा वेगळा काढायचा, दहा सुपांना एक रुपया. एकदा तू कुबट दाणा चावलास अन् सगळं अंगण थुंकत फिरलीस. मी म्हणालो होतो, असा दाणा घाण्यात जाता कामा नये, एकही नाही. का ते मला सांगता येत नव्हतं. पुढं तू कॉलेजातून येऊन नाव सांगितलंस, अफ्लाटॉक्सिन, बुरशीचं विष, लिव्हरवर जातं, अन् भाजूनसुद्धा सगळं जात नाही. १९७४ साली राजस्थान-गुजरातेत बुरशी धरलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली, तेही तूच सांगितलंस. त्या दिवशी मी गल्लीत ज्याला त्याला सांगत सुटलो होतो, की माझ्या पोरीनं कुबट दाण्याचं शास्त्र सांगितलं.

राणी, विष ते असतं. त्याच पोत्यातला चांगला दाणा विष नाही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅम प्रथिनं असतात, हे मी तुझ्याच हस्ताक्षरातल्या वहीत वाचलंय.

वनस्पती तुपाचं मात्र मला बोलवत नाही. दिवाळीच्या शंकरपाळ्यात मी अकरा वर्षं तेच घातलं. स्वस्त पडायचं, खुसखुशीत व्हायचं, महिना टिकायचं. आबा रोज दुपारच्या चहाबरोबर मूठभर खायचे. ते गेले तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते. बिडी होती, गिरणी बंद पडल्याचा घोर होता, डॉक्टरांनी शंकरपाळ्याचं नाव काढलं नव्हतं. पण सरकारनं ट्रान्स फॅटची, म्हणजे वनस्पती तुपातल्या त्या घातक चरबीची, मर्यादा २०२२ च्या जानेवारीपासून दोन टक्क्यांवर आणली, त्याची बातमी तू वाचून दाखवलीस, तेव्हा मी उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं होतं. तुम्हा कुणाला सांगितलं नाही. आता शंकरपाळे तेलात करतो, दोन आठवड्यांत संपतील एवढेच. तेव्हा असं समजू नकोस की अप्पाला काही पटतच नाही.

पण मग भात काय वाईट केला गं तुझा? तूप? गूळ? पोळी? तूर डाळ? मैत्रीण म्हणाली, सकाळी काळी कॉफी, दुपारी काकडी-टोमॅटो, रात्री उकडलेलं एक अंडं. एवढ्यावर दिवसभर हॉस्पिटलच्या वॉर्डात उभी राहतेस, मग चक्कर येणार नाही तर काय होईल? तू इथं येऊन आईला सांगितलंस, जेवणाबरोबर चहा घेऊ नका, लोह अंगी लागत नाही, वर लिंबू पिळा. आईनं त्या दिवसापासून जेवणानंतरचा चहा सोडला. अन् सांगणारीचं हिमोग्लोबिन ८.४! देशातल्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्त कमी आहे म्हणून तू निबंध लिहिलास, बक्षीस आणलंस, अन् स्वतः त्या ५७ त जाऊन बसलीस. जिना होता म्हणून कुणी तरी धरलं. रस्त्यावर, सिग्नलला आली असती म्हणजे? स्कूटीवर असतीस तर?

बघ, चिडायचं नाही म्हणून बसलो होतो. परत तेच झालं. हा परिच्छेद खोडणार होतो, पण पानाच्या दोन्ही बाजूंना लिहिलंय, खोडलं तर मागचंही जाईल. सोडून दे.

विष हा शब्द मला एवढा का लागला, ते मला परवा आज्जीजवळ बसल्यावर समजलं. बहात्तरच्या दुष्काळात मी पाच वर्षांचा. आज्जी खडी फोडायला जायची, मला कडेला बसवून. आभाळातून आग, विहिरी कोरड्या, घरात ज्वारीचा दाणा नाही. परदेशातला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, रेशनला यायचा, त्याची भाकरी थापताना फाटायची, घशाखाली उतरायची नाही. कामावर सुकडी, म्हणजे पिठाचं कोरडं खाणं, मिळायची. आज्जी तिच्यातली निम्मी पदराच्या गाठीला बांधून आणायची अन् रात्री माझ्या तळहातावर थोडी थोडी ठेवायची, मी एकदम खाऊन ओकू नये म्हणून. तिची बोटं खडीनं फुटलेली असायची. मिलो कसा का असेना, आज्जीनं त्याला कधी विष म्हटलं नाही. काट्यावर पोळी ठेवलेली बघितली तेव्हा मला तो तळहात दिसला. तुझा त्यात काही दोष नाही, तुला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

अन् हेही खरं, की आज्जीचा दुष्काळ वेगळा अन् आपलं आजचं घर वेगळं. आज पोत्यानं दाणे आहेत, म्हणूनच माझं बीपी वाढलंय. तुझी भीती कुठून येते ते मला कळतं. आबा गेले, थोरल्या आत्याचा पाय साखरेनं गेला, तू बारावीत असताना तिची पट्टी बदलायचीस. त्या घरातली पोरगी अन्नाला घाबरणारच. आम्ही कुणी तुझ्याशी त्याबद्दल बोललो नाही, तू एकटी पुस्तकं वाचत राहिलीस. पण आत्याचं जे झालं ते तुझं होऊ नये म्हणून तू आजच उपाशी राहायलीस, हे माझ्या बुद्धीला पटत नाही. चक्कर परत आली का? खरं सांग.

मी काय केलंय ते सांगतो. किलोला ३५ ग्रॅमवर आणलंय मीठ. लसूण थोडा वाढवला, दाणे आणखी मंद आचेवर भाजतोय, म्हणजे फिकेपणा जाणवत नाही. मिक्सरला लावली तर पीठ होतं, उखळातच कुटावी लागते. तेल सुटून मुठीत गोळा धरला की समजायचं झाली. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी विचारलं, हात बदलला का. एकानं पुन्हा चटणी नेली नाही. मी खरं कारण सांगतो, पोरगी आहारशास्त्र शिकतेय, तिनं सांगितलंय. चाखायचं काम आता मावशींकडं दिलंय. दुपारचा एक चमचा, रात्री नाही.

आता तुझ्याकडून मला एवढंच हवंय. डॉक्टरांनी दिलेली गोळी न चुकता घे, अन् दुपारी एक भाकरी, डाळ, भाजी बसून खा. मोजू नकोस. तुला काय बरोबर अन् काय चूक ते माझ्याहून जास्त कळतं, त्यात मी पडत नाही. कॉलेजात याबद्दल बोलता येईल अशा एखाद्या मॅडम असतील तर त्यांच्याशी बोल. लाजू नकोस.

रविवारच्या हुतात्मानं मामा पुण्याला येतोय. त्याच्याकडं अळिवाचे लाडू दिलेत, आईनं गुळात केलेत. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या कडक भाकऱ्या पंधरा, चटणी पाव किलो, नवी, कमी मिठाची. खाऊन मीठ कसं वाटलं ते कळव, अजून पाच ग्रॅम कमी करता येईल का ते मला ठरवायचंय. दह्यात कालवून खा.

तुझा छोटा काटा इथंच राहिलाय. आई म्हणाली पाठवून द्या, पोरीचा आहे. मी पाठवत नाही. त्यावर मी मीठ मोजतो, अन् तुला तो सध्या नकोच आहे.

फोन सोमवारी रात्री नऊला करीन. उचल.

तुझा,
अप्पा

ता. क. आई विचारतेय, जिन्याला कठडा आहे का.